वेळापत्रकात वैनगंगा

बालाघाटातल्या एका सरकारी शाळेच्या प्रधान पाठक बाईंनी मला इको क्लबसाठी वर्षभराचा पर्यावरण शिक्षणाचा आराखडा करायला सांगितलं. शाळा पहिली ते आठवी. माझी नोकरी बँकेत झाली. निवृत्तीनंतर शाळेच्या वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जाते, एवढाच माझा शिक्षणाशी संबंध. माहेर तुमसरचं, सासर इथलं. घरात मराठी, बाजारात हिंदी, शेजारी पोवारी. पर्यावरणाची काळजी मला मनापासून वाटते, म्हणून लगेच हो म्हटलं. घरी वही उघडली. ५ जूनचं वृक्षारोपण लिहिलं, स्वच्छता सप्ताह लिहिला, प्लास्टिकच्या पिशव्यांवर एक भाषण लिहिलं. नंतर लेखणी थांबली. जुलैपासून मार्चपर्यंतचे सगळे महिने कोरे होते आणि त्यात काय भरायचं हे मला खरंच माहीत नव्हतं.

पुन्हा शाळेत गेले ते एक सूचना घेऊन: प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक तास पर्यावरणासाठी ठेवावा. बाईंनी भिंतीवरचं वेळापत्रक दाखवलं. भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक विज्ञान, मधली सुट्टी, मध्यान्ह भोजन, खेळ; एकही चौकोन रिकामा नव्हता. वर्ग जास्त, शिक्षक कमी, त्यांतही काही अतिथी शिक्षक. विज्ञानाच्या सरांनी शांतपणे विचारलं, "ताई, हा तास कोणत्या विषयातून काढू? गणितातून की हिंदीतून?" पाचवीची कितीतरी मुलं अजून अडखळत वाचतात, हे वाचनालयात मी स्वतः पाहते. सरांच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग शोध सुरू केला तो कायद्यापासून, कारण परिपत्रकं वाचण्याची सवय बँकेने लावलेली. निसर्गाचं रक्षण हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून राज्यघटनेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आलं, कलम ५१-क. पुढे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला. चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळात पर्यावरणाच्या स्लाइड मोफत दाखवाव्यात, आकाशवाणी-दूरदर्शनने रोज थोडा वेळ द्यावा, आणि शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा सक्तीचा विषय व्हावा, असं त्यात होतं. सिनेमाआधी पडद्यावर दिसणाऱ्या त्या स्लाइड मला आठवतात. त्यांच्यामागे न्यायालयाचा आदेश आहे हे मात्र आता कळलं. निकालाची अंमलबजावणी रेंगाळली, तेव्हा २००३ मध्ये न्यायालयाने एनसीईआरटीला नमुना अभ्यासक्रम करायला लावला आणि २००४ मध्ये तो मान्य केला. मी जी नवी कल्पना म्हणून मांडायला निघाले होते, ती देशात आधीपासून बंधनकारक होती.

बंधनकारक असेल तर ती पुस्तकांत असणार. सरांनी सगळ्या इयत्तांची पुस्तकं माझ्यासमोर ठेवली. पहिली-दुसरीला पर्यावरणाचं वेगळं पुस्तक नाही; ते भाषेत आणि गणितात मिसळायचं. तिसरी ते पाचवी ‘पर्यावरण अध्ययन’, म्हणजे महाराष्ट्रातल्या मुलांचा ‘परिसर अभ्यास’. २००५ नंतरच्या एनसीईआरटी अभ्यासक्रमात त्याची सहा सूत्रं ठरली: कुटुंब आणि मित्र, अन्न, पाणी, निवारा, प्रवास, आणि आपण बनवतो-करतो त्या गोष्टी. झाडं आणि प्राणी या यादीत कुठे हरवले, म्हणून मी गोंधळले. सरांनी बोट ठेवून दाखवलं: ते ‘कुटुंब आणि मित्र’ या सूत्राखाली आहेत. ज्या कुणी हे ठरवलं, त्यांनी चिमणी आणि चिंचेचं झाड मुलाच्या नातेवाइकांत बसवलं होतं. ते पान मी बराच वेळ उघडं ठेवलं.

सहावीपासून मात्र वेगळं पुस्तक संपतं. पर्यावरण विज्ञानात, भूगोलात, भाषेत, गणितात पसरतं. तज्ज्ञ याला अंतर्भाव म्हणतात. मी वहीत ‘सगळीकडे थोडं थोडं’ असं लिहून घेतलं. ते कसं करायचं हे कळेना, तेव्हा पाचवीच्या बाई म्हणाल्या, "परे एका कोपऱ्यात टाकतो ना आपण? पण ते तिथंच राहू दिले तर धान होत नाही. उपटून सगळ्या बांध्यांत रोवावे लागतात." बाई स्वतः शेतकऱ्याच्या घरच्या. वेगळ्या तासाचा माझा हट्ट म्हणजे परे, धानाची रोपं, कोपऱ्यातच ठेवण्याचा हट्ट होता, हे त्यांनी रोवणीच्या एका वाक्यात समजावलं.

त्यानंतर आम्ही एक तक्ता आखला. डाव्या बाजूला पुस्तकातला धडा, उजव्या बाजूला बालाघाटमधली गोष्ट. डावी बाजू भराभर भरली: पाणी, मृदा, खनिजं, पिकं, आम्ल आणि आम्लारी, आलेख, अर्जलेखन. उजवी बाजू भरताना कळलं की या गावात आयुष्य काढूनही माझ्याजवळ सांगण्यासारखं फार थोडं आहे. घरातलं सांडपाणी कोणत्या नाल्याने कुठे जातं? भरवेलीच्या खाणीतला दगड नेमका कशाला लागतो? चिन्नोर तांदूळ बाजारात कमी का दिसतो? सातवीच्या मुलांना हेच प्रश्न विचारले. नाल्याचा रस्ता एका मुलाने वळणावळणांसह सांगितला, कारण तो रोज त्याच्या काठाने शाळेत येतो. उजवी बाजू भरायला माणूस वर्गातच बसलेला होता.

पहिला धडा नदीचा घेतला. मुलांना वैनगंगेवर न्यायचं म्हणजे नुसतं चालत जाणं नव्हे, हे मला शिकावं लागलं. पालकांची लेखी परवानगी, शाला प्रबंधन समितीला सूचना, प्रथमोपचाराची पेटी, दर काही मुलांमागे एक मोठं माणूस, आणि पाण्यात कुणीही उतरायचं नाही हा न मोडता येणारा नियम. नमुना फक्त मोठ्यांनी दोरीच्या डब्याने काढायचा. सातवीच्या विज्ञानात आम्ल-आम्लारीचा धडा आहे, म्हणून हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या मुलांनी घरून आणल्या होत्या. आम्लारी लागली की हळद लाल होते. कपडे धुण्याच्या दगडाजवळ साचलेल्या साबणाच्या पाण्यात पट्टी लालसर झाली आणि सगळे ओरडले. प्रवाहातल्या पाण्यात ती पिवळीच राहिली. "म्हणजे नदी साफ आहे?" एका मुलीने विचारलं. मी हो म्हणणार होते, पण सरांनी हात वर केला.

सर म्हणाले, हळद एवढंच सांगते की पाणी फार आम्लारीयुक्त नाही. त्यात जंतू आहेत का, शेतातलं औषध आहे का, हे हळदीला कळत नाही. मुलांनी वहीत दोन रकाने केले: ‘काय कळलं’ आणि ‘काय कळलं नाही’. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब झाला. परतताना सरांनी होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाबद्दल सांगितलं. आपल्याच मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांतून तो सुरू झाला. मुलांनी प्रयोग करायचे, निरीक्षण लिहायचं, निष्कर्ष स्वतः काढायचा. पुस्तकाचं नावच ‘बाल वैज्ञानिक’. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवण्याची मुभा होती. पुढे एकलव्य संस्थेने तो सांभाळला आणि २००२ मध्ये शासनाने तो थांबवला. त्याही आधी, १९३७ मध्ये, वर्ध्याला गांधीजींच्या नई तालीमची मांडणी झाली, तेव्हा बालाघाट आणि वर्धा एकाच प्रांतात होते. परिसरातून आणि हातांनी शिकण्याची वाट आपल्या भागाने आधी चालून पाहिली आहे, हे मला त्या दिवशी समजलं.

भूगोलाच्या तासाला नकाशा उघडला. वैनगंगा शेजारच्या सिवनी जिल्ह्यात मुंडाऱ्याजवळ उगम पावते, बालाघाटातून गोंदिया-भंडाऱ्याकडे उतरते, चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवरून जाते, वर्धा नदीला भेटून प्राणहिता होते आणि शेवटी गोदावरीत मिसळते. मुलांनी बोट फिरवत गावं वाचली. माझ्या माहेरचा भंडारा जिल्हा आला तसा एक मुलगा म्हणाला, "मैडमजी, हमारा पानी आपके मायके जाता है." मग वर्गाने आपणहून उलटा प्रश्न काढला: आपल्याकडे येणारं पाणी कुणाच्या गावातून येतं? उगमाकडची गावं आणि उताराकडची गावं, दोघांच्या मध्ये आपण. नदीला राज्याची सीमा नसते हे भाषणातून मी अनेकदा ऐकलं होतं. बोट नकाशावर ठेवून ते पहिल्यांदा पाहिलं.

खनिजांचा धडा आला तेव्हा उजव्या रकान्यात भरवेली होतं. शहराला लागून असलेली ही मँगनीजची खाण नागपूरला मुख्यालय असलेल्या मॉइल कंपनीची आहे, आणि भूमिगत मँगनीज खाणींमध्ये आशियातली सर्वांत खोल म्हणून ती ओळखली जाते. मँगनीजमुळे पोलाद कणखर होतं, आणि टॉर्चच्या साध्या सेलमध्येही ते असतं. एका मुलीने वापरून झालेला सेल आणला; तो उघडायचा नाही, हे सरांनी आधी सांगितलं. याच जिल्ह्यात मलाजखंडला हिंदुस्तान कॉपरची तांब्याची खाण आहे. मी खाणीच्या नुकसानीवर बोलायची तयारी केली होती. वर्गात मात्र खाणकामगारांची मुलं होती. एकाचे वडील रोज जमिनीखाली उतरतात, त्यावर त्यांचं घर चालतं. त्याच्यासमोर ‘खाणी वाईट’ एवढंच म्हणणं अन्यायाचं झालं असतं. आम्ही फळ्यावर तीन प्रश्न लिहिले: काय मिळतं, कुणाला मिळतं, मागे काय उरतं? मुलांची उत्तरं माझ्या तयारीपेक्षा जास्त खरी होती.

पावसाळ्यात पिकांचा धडा घेतला. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मुलांना त्याचा वास माहीत होता, पण बहुतेकांच्या घरी तो सणालाच शिजतो. शाळेत आलेल्या एका शेतकरी आजोबांनी कारण सांगितलं: हे धान शेतात जास्त दिवस राहतं, उतारा कमी देतं, उंच वाढून आडवं पडतं, संकरित धान लवकर हाती येतं. गणिताच्या बाईंनी लगेच हिशेब मांडायला लावला. उतारा कमी पण भाव जास्त, तर शेतकऱ्याला किती भाव मिळाला म्हणजे चिन्नोर परवडेल? शेकडेवारीचा धडा आणि बियाण्याचं जतन एकाच तासात झालं. पर्यावरण गणितातून शिकवता येतं यावर मला आधी विश्वास नव्हता. तो त्या फळ्यावर बसला.

त्याच आजोबांनी सारसचा विषय काढला. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच पक्षी, साधारण माणसाएवढा. वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या काठच्या गावांत, बालाघाट आणि गोंदियाकडे, त्याची थोडीच जोडपी उरली आहेत; दोन्ही जिल्हे मिळून संख्या शंभराच्या आत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये त्याच्या संरक्षणाची स्वतःहून दखल घेतली. सारस धानाच्या बांधीत गवत-काड्यांचा ढीग रचून अंडी घालतो, बहुधा दोन. म्हणजे ज्याच्या शेतात घरटं, तो शेतकरीच त्याचा पहिला राखणदार. कीटकनाशकं, विजेच्या तारा, बुजणारे तलाव आणि बोड्या ही त्याची संकटं. गोंदियाची ‘सेवा’ संस्था शेतकऱ्यांना आणि वनविभागाला सोबत घेऊन दर जूनमध्ये त्यांची गणना करते. मी सारसाला अभयारण्यातला पक्षी समजत होते. तो आपल्या भाताच्या ताटाशेजारी राहतो.

थंडीत मुलं वनविभागाच्या ‘अनुभूती’ शिबिराला गेली. मध्य प्रदेशचं इको-पर्यटन मंडळ आणि वनविभाग सरकारी शाळांतल्या मुलांना एक दिवस जंगलात नेतात, तो हा कार्यक्रम. पायवाटेने चालणं, पक्षी ओळखणं, माती हातात घेणं. तिथून आल्यावर कान्हाच्या बारासिंग्याचा विषय निघाला. कान्हाचा बराच भाग बालाघाट जिल्ह्यात आहे आणि मुक्कीचं प्रवेशद्वार आपल्याकडे. १९७० मध्ये तिथे फक्त ६६ बारासिंगे उरले होते. बंदिस्त कुरणात त्यांची पैदास केली, गवताळ माळ राखले आणि ते वाचले. माळ मोकळे व्हावेत म्हणून आतली गावंही हलवली गेली. बैहरकडून शिकायला आलेल्या एका बैगा मुलाने विचारलं, "और वो गाँव वाले कहाँ गए?" वर्ग गप्प झाला. मला वाचलेल्या प्राण्यांची संख्या पाठ होती, हललेल्या माणसांची कहाणी नव्हती. सरांनी तो प्रश्न फळ्यावर लिहिला आणि पुसला नाही. पुढच्या आठवड्यात त्या मुलाने आजीकडून ऐकलेलं सांगितलं, तेही वहीत उतरलं.

आजीवरून भाषेचा उलगडा झाला. हिंदीत विचारलं, की मुलं झाडांची चार-पाच नावं सांगत. "घरी जाऊन आजीला तिच्या बोलीत विचारा" म्हटल्यावर पोवारी, गोंडी, मराठी, मरारी अशा नावांनी वह्या भरल्या: पहिल्या पावसानंतरच्या रानभाज्या, वारुळावर उगवणाऱ्या सात्या, तापावरचा पाला, मोहाच्या फुलांचे प्रकार. हिंदीच्या बाईंनी त्याचं भित्तिपत्रक करून घेतलं. वर्गात कधी न बोलणारी एक गोंड मुलगी त्या दिवशी सगळ्यांना शिकवत होती. कुठली भाजी नीट उकळल्याशिवाय खायची नाही हे तिनेच मलाही सांगितलं.

शेवटी परीक्षेचा प्रश्न आला. ‘पर्यावरण म्हणजे काय?’ या प्रश्नाचं पाठ उत्तर सगळेच लिहितात. सरांनी त्याऐवजी निरीक्षण वहीला गुण ठेवले. शाळेत एका आठवड्यात जमलेल्या कचऱ्याचे प्रकार मोजायचे, त्याचा स्तंभालेख गणितात काढायचा, आणि हिंदीच्या तासाला शाला प्रबंधन समितीला अर्ज लिहायचा. आलेखात गुटख्याच्या आणि चिप्सच्या पुड्यांचे स्तंभ उंच आले. अर्जात मुलांनी ओल्या कचऱ्यासाठी खड्डा मागितला. समितीच्या बैठकीत एका आईने तो अर्ज वाचून दाखवला आणि खड्डा खणायला तीच आली. कागदावरचा गुण आणि अंगणातला खड्डा एकाच कामातून निघाले.

आराखडा आता तयार आहे आणि त्यात वेगळा तास नाही. प्रत्येक इयत्तेच्या पुस्तकातले काही धडे निवडलेत, प्रत्येकापुढे बालाघाटमधली एक जागा, एक माणूस आणि एक करायची कृती लिहिली आहे. बाहेर जाण्यासाठी वेळ कुठून, याचं उत्तर २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात आहे: सहावी ते आठवीच्या मुलांना दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागीर, माळी, कुंभार यांच्याकडून शिकू द्यावं, असं ते म्हणतं. ते दहा दिवस नदी, शेत, खाण आणि जंगल यांना द्या. मात्र शिक्षकांवर इतर कामांचं ओझं तसंच राहिलं, रिक्त जागा भरल्या नाहीत, तर हा तक्ता भिंतीवर लटकून राहील. धोरण, न्यायालयाचा आदेश आणि पुस्तक तिन्ही आपल्याकडे आहेत. उणीव आहे ती शिक्षकाला वेळ देण्याची आणि गावाला वर्गात बोलावण्याची.

माझं मागणं वाचकांपाशी आहे. तुम्ही गोंदियात असा, तुमसरला असा किंवा पुण्यात, जवळच्या सरकारी शाळेत जा. तिसरी ते आठवीची पुस्तकं मागा, तुमच्या गावाशी जुळणारे धडे शोधा आणि त्यापुढे तुमच्या नदीचं, पिकाचं, कामगाराचं नाव लिहून शिक्षकांच्या हाती द्या. त्यासाठी तज्ज्ञ असावं लागत नाही. शिक्षकांना विचारून, मुलांचं ऐकून आणि स्वतः सोबत चालत जाऊन हे काम कुणालाही करता येतं, आणि ते याच वर्षी सुरू करायला हवं.